ओपिऑइड अवलंबित्व असलेला रुग्ण वॉर्डात दाखल होतो तेव्हा: पहिल्या तासापासून सुटीनंतरच्या आठवड्यापर्यंत

हा लेख मेडिसिन, सर्जरी, अस्थिरोग किंवा प्रसूती विभागात नव्याने रुजू झालेल्या निवासी डॉक्टरांसाठी आणि परिचारिकांसाठी आहे. हेरॉइन, फेंटानिल, मॉर्फिन, कोडीन, ट्रामाडॉल अशा ओपिऑइड गटातील पदार्थांचे अवलंबित्व असलेला रुग्ण तुमच्याकडे सहसा त्या अवलंबित्वासाठी येत नाही. तो दंडावरच्या गळवासाठी, न उतरणाऱ्या तापासाठी, मोडलेल्या हाडासाठी किंवा अतिमात्रेनंतर बेशुद्धावस्थेत येतो. मग गळू कापले जाते, प्रतिजैविके सुरू होतात, मूळ विकार केसपेपरवर एका ओळीत नोंदवला जातो, आणि तिसऱ्या दिवशी रुग्ण न सांगता निघून गेला की ‘सहकार्य करत नव्हता’ असा शेरा पडतो. माझ्या मते अशा बहुतेक प्रसंगांत रुग्णाच्या आधी रुग्णालयच कमी पडलेले असते, कारण ज्या त्रासामुळे त्याला पलंगावर पडून राहणे अशक्य झाले, त्यावर उपचारच झालेला नसतो.

पुढे दिलेल्या मात्रा प्रौढ रुग्णांसाठी सर्वसाधारणपणे प्रचलित आहेत. प्रत्यक्ष मात्रा वरिष्ठांच्या सल्ल्याने आणि आपल्या रुग्णालयाच्या कार्यपद्धतीप्रमाणे ठरवावी. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन (या अवलंबित्वावरची मुख्य औषधे) कोणी लिहून द्यायचे, सुटीच्या वेळी किती दिवसांचे द्यायचे आणि पुढे ते कोठे मिळते याचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत. ते रुजू झाल्यावर लगेच विचारून ठेवावेत. मध्यरात्री रुग्ण थरथरत असताना नियम शोधायला वेळ नसतो.

पहिली पायरी: नेमके विचारा

कोणता पदार्थ, कोणत्या मार्गाने, दिवसाला साधारण किती आणि शेवटचा कधी घेतला, हे दाखल करून घेतानाच विचारावे. यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण पुढील औषधाची वेळ त्यावरच ठरते. त्याच बैठकीत दारू आणि झोपेच्या गोळ्यांबद्दल विचारावे, पूर्वी अतिमात्रा झाली होती का, आणि सध्या एखाद्या केंद्रातून उपचार चालू आहेत का, हेही विचारावे. हे बोलणे नातेवाइकांना बाहेर थांबवून करावे, आणि प्रश्न का विचारत आहोत हे आधी सांगावे: ‘तुम्हाला इथे त्रास होऊ नये, म्हणून मला हे माहीत असायला हवे.’ एवढे एक वाक्य बोलल्यावर मिळणारी उत्तरे आणि उलटतपासणीच्या सुरात विचारल्यावर मिळणारी उत्तरे यांत फार फरक पडतो. ‘व्यसनी’, ‘गर्दुल्ला’ हे शब्द केसपेपरवर लिहू नयेत. ते पुढच्या प्रत्येक डॉक्टरचे मत रुग्णाला पाहण्याआधीच बनवून टाकतात.

निदानासाठी ११ निकष वापरले जातात. त्यांपैकी किमान २ निकष गेल्या १२ महिन्यांत लागू असतील, तर ओपिऑइड वापर विकार आहे असे म्हणतात. २ ते ३ निकष सौम्य, ४ ते ५ मध्यम आणि ६ किंवा अधिक तीव्र. डॉक्टरांनी दिलेले मॉर्फिन सांगितल्याप्रमाणे घेणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णात सहनशीलता वाढली (म्हणजे तोच परिणाम मिळायला जास्त मात्रा लागू लागली) किंवा औषध थांबवल्यावर त्रास झाला, तर हे दोन निकष मोजायचे नसतात. केवळ शारीरिक अवलंबित्व म्हणजे हा विकार नव्हे.

लघवीच्या तपासणीवर विसंबून राहू नये. ओपिएटसाठीची नेहमीची चाचणी मॉर्फिन, कोडीन आणि हेरॉइन ओळखते; फेंटानिल, मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन आणि ट्रामाडॉल यांच्यासाठी सहसा वेगळी चाचणी लागते. त्यामुळे अहवाल निगेटिव्ह आला म्हणून रुग्ण खोटे बोलतो असे ठरत नाही, आणि अपघात विभागात मॉर्फिनचे इंजेक्शन दिल्यानंतर घेतलेला नमुना पॉझिटिव्ह आला तर त्यावरूनही काही कळत नाही.

रुग्ण आधीपासून मेथाडोनवर असेल, तर त्याच्या केंद्राला फोन करून मात्रा आणि शेवटचा डोस प्रत्यक्ष दिल्याची तारीख, दोन्ही विचारावे. मात्रा रोज ९० मिलिग्रॅम असली, तरी रुग्ण पाच दिवस तिकडे फिरकलाच नसेल, तर तीच मात्रा त्याच्यासाठी प्राणघातक ठरू शकते. केंद्र बंद असेल, तर खात्री होईपर्यंत वरिष्ठांच्या सल्ल्याने कमी मात्रा, साधारण ३० मिलिग्रॅमच्या आत, देऊन वेळ निभावून न्यावी. पूर्ण नकार देणे हा सुरक्षित पर्याय वाटतो, पण तो तसा नाही.

दुसरी पायरी: विथड्रॉवल ओळखा आणि मोजा

हेरॉइनसारख्या अल्पकाळ काम करणाऱ्या पदार्थाचा शेवटचा डोस घेतल्यानंतर साधारण ८ ते १२ तासांत विथड्रॉवल, म्हणजे पदार्थ थांबल्यामुळे होणारा त्रास, सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो शिगेला पोहोचतो आणि आठवडाभरात बराचसा ओसरतो. मेथाडोनच्या बाबतीत सुरुवातच एक ते तीन दिवसांनी होते आणि त्रास दोन आठवडे किंवा त्याहूनही अधिक चालतो. वारंवार जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, विस्फारलेल्या बाहुल्या, घाम, पोटात मुरडा, जुलाब, उलट्या, हाडे ठणकणे आणि एका जागी बसता न येणे ही त्याची ओळख आहे. रुग्ण याला ‘टर्की’ म्हणतात.

त्रास मोजण्यासाठी ‘काउज’ (COWS) ही ११ मुद्द्यांची मोजपट्टी सर्वत्र वापरली जाते. ५ ते १२ गुण म्हणजे सौम्य, १३ ते २४ मध्यम, २५ ते ३६ बराच तीव्र आणि ३६ च्या वर अतितीव्र. परिचारिकांनी सुरुवातीला दर चार तासांनी ही नोंद नाडी-रक्तदाबाच्या तक्त्यावरच करावी, म्हणजे राउंडच्या वेळी वेगळा कागद शोधावा लागत नाही. मात्र गुण मोजताना डोळे उघडे ठेवावेत: जंतुसंसर्गाचा ताप आणि शस्त्रक्रियेनंतरची वेदना यांमुळेही नाडी आणि घाम वाढतो.

‘विथड्रॉवलने कोणी मरत नाही’ हे वाक्य तुम्हाला वॉर्डात ऐकू येईल. थेट मृत्यू क्वचित होतो हे खरे असले, तरी सततच्या उलट्या-जुलाबांनी शरीरातील पाणी आणि क्षार धोकादायक पातळीपर्यंत कमी होऊ शकतात. आणि हृदयाच्या झडपेला संसर्ग झालेला रुग्ण या त्रासापायी उठून गेला, तर तो त्या संसर्गाने मरू शकतो. दारू किंवा बेन्झोडायझेपिन (झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्यांचा एक गट) अचानक थांबल्यावर होणारा विथड्रॉवल मात्र स्वतःच जीवघेणा ठरू शकतो. म्हणून हातांचा कंप, आकडी, भास किंवा गोंधळलेपण दिसले, तर ते ओपिऑइडच्या खाती टाकून मोकळे होऊ नये.

तिसरी पायरी: औषध सुरू करा

क्लोनिडीन, लोपेरामाइड, उलटीवरील औषधे आणि पॅरासिटामॉल यांनी लक्षणे थोडी सुसह्य होतात. ही पूरक औषधे आहेत, मुख्य उपचार नव्हे. मुख्य उपचार म्हणजे मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन. मेथाडोनच्या देखभाल उपचाराचे, म्हणजे औषध न तोडता दीर्घकाळ चालू ठेवण्याचे, डोल आणि नायस्वँडर या अमेरिकी डॉक्टरांचे काम १९६५ साली प्रसिद्ध झाले, आणि ही दोन्ही औषधे २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. तरीही ‘एका नशेच्या जागी दुसरी नशा’ ही शंका नातेवाईकच नव्हे, तर सहकारीही काढतात. त्यावरचे उत्तर असे, की योग्य मात्रेत रुग्णाला नशा चढत नाही, त्रासही होत नाही, आणि औषध चालू असेपर्यंत अतिमात्रेने मरण्याचा धोका लक्षणीय कमी राहतो.

ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतील ओपिऑइड ग्राहींना अतिशय घट्ट चिकटते, पण त्यांना अर्धवटच उत्तेजित करते. म्हणून त्याची अतिमात्रा होऊन श्वास मंदावण्याचा धोका कमी असतो. याच गुणामुळे एक अडचणही येते: शरीरात हेरॉइन किंवा मॉर्फिन भरपूर असताना ते दिले, तर ते आधीच्या पदार्थाला ग्राहींवरून हटवते आणि तासाभरातच रुग्णाला अचानक तीव्र विथड्रॉवल होतो. असा अनुभव आलेला रुग्ण हे औषध पुन्हा घ्यायला सहसा तयार होत नाही. त्यामुळे शेवटच्या अल्पकालीन ओपिऑइडनंतर किमान १२ तास, दीर्घकालीन असेल तर २४ तास, आणि मेथाडोन असेल तर त्याहूनही अधिक थांबावे. काउज ८ ते १२ किंवा त्याच्या वर गेल्याची, बाहुल्या विस्फारल्याची आणि अंगावर काटा आल्याची खात्री करावी. आणि मगच २ ते ४ मिलिग्रॅमचा पहिला डोस द्यावा. एक-दोन तासांनी पुन्हा तपासून मात्रा वाढवत पहिल्या दिवशी सहसा ८ ते १२ मिलिग्रॅमपर्यंत जाता येते. पुढे अनेकांना १६, तर काहींना २४ मिलिग्रॅम लागतात. मात्रा वाढवायला घाबरून रुग्णाला ४ मिलिग्रॅमवरच ठेवणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. अचानक विथड्रॉवल झालाच, तर औषध बंद करू नये. वरिष्ठांना बोलावून बहुधा आणखी ब्युप्रेनॉर्फिनच द्यावे लागते.

गोळी जिभेखाली पूर्ण विरघळायला पाच ते दहा मिनिटे लागतात, तेवढा वेळ परिचारिकेने जवळ थांबावे. ती गिळली तर यकृतच तिचा बराचसा भाग निकामी करते, आणि मग ‘औषध लागू पडत नाही’ अशी तक्रार येते. तोंड कोरडे असल्यास आधी घोटभर पाणी द्यावे. विरघळल्यावर पाण्याने चूळ भरायला सांगावे आणि दात घासणे तासभर पुढे ढकलावे, म्हणजे दात किडण्याचा धोका कमी होतो. काही गोळ्यांत नॅलोक्सोन हे ओपिऑइडचा परिणाम उलटवणारे औषधही असते. जिभेखालून ते जवळजवळ शोषले जात नाही. गोळी विरघळवून शिरेत टोचली तरच त्याचा परिणाम होतो.

वेदनेसाठी मॉर्फिन चालू असलेल्या किंवा दीर्घकाळ फेंटानिल वापरलेल्या रुग्णाला बारा तास कोरडे ठेवणे अनेकदा शक्य नसते. अशा वेळी मूळ ओपिऑइड न थांबवता ब्युप्रेनॉर्फिनच्या अगदी लहान मात्रेपासून, म्हणजे एका मिलिग्रॅमच्याही अंशापासून, सुरुवात करून काही दिवसांत ती चढवत नेतात. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील डॉक्टरांनी २०१६ मध्ये या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले होते. तक्ता किचकट असतो, म्हणून तो फार्मासिस्टसोबत बसून आधीच लिहून घ्यावा.

मेथाडोनला विथड्रॉवलची वाट पाहावी लागत नाही, पण ते शरीरात साठत जाते, आणि हाच त्याचा धोका आहे. पहिला डोस १० ते ३० मिलिग्रॅम, पहिल्या दिवसाची बेरीज सहसा ४० च्या आत, आणि त्यानंतरची वाढ काही दिवसांच्या अंतराने, ५ ते १० मिलिग्रॅमनेच. सोमवारी पुरेशी वाटलेली मात्रा तीच ठेवली, तरी शुक्रवारी रुग्ण पेंगताना दिसू शकतो. पेंगणाऱ्या रुग्णाला पुढचा डोस देण्यापूर्वी डॉक्टरांना बोलवावे. ईसीजी काढून क्यूटी अंतर पाहावे (ते फार लांबले तर हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या अनियमित होऊ शकतात). ते ५०० मिलिसेकंदांच्या वर असल्यास दुसरा पर्याय निवडण्याबाबत वरिष्ठांशी बोलावे. क्षयरोगासाठीचे रिफाम्पिसिन, तसेच फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिन मेथाडोनची रक्तातील पातळी खाली आणतात. ही औषधे सुरू केल्यावर आठवडाभरात रुग्ण ‘पुरत नाही’ म्हणू लागला, तर त्यावर विश्वास ठेवावा.

ओपिऑइडचा परिणाम अडवणारे नॅल्ट्रेक्सोन हा तिसरा पर्याय आहे, परंतु त्यासाठी आधी सात ते दहा दिवस ओपिऑइडविना काढावे लागतात, आणि वेदनेसाठी ओपिऑइड लागणाऱ्या रुग्णाला ते देता येत नाही. त्यामुळे वॉर्डात ते क्वचितच कामी येते. गर्भवती रुग्णेला मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन चालू ठेवणे हाच स्वीकृत मार्ग आहे. औषधे तोडून ‘शुद्ध’ करण्याच्या प्रयत्नात ती पुन्हा वापराकडे वळण्याचा धोका मोठा असतो. बाळाला जन्मानंतर विथड्रॉवल होऊ शकतो, पण त्यावर उपचार आहेत, आणि त्याची कल्पना आईला प्रसूतीपूर्वीच द्यावी.

आता एका जुन्या सवयीबद्दल. पाच-सात दिवसांत मात्रा शून्यावर आणून रुग्णाला ‘मोकळे’ करून घरी पाठवणे अजूनही अनेक ठिकाणी चालते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दाखल झालेल्या १३९ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाची मात्रा पाच दिवसांत उतरवून बंद केली. दुसऱ्या गटात ब्युप्रेनॉर्फिन चालू ठेवून सुटीनंतरच्या उपचाराशी जोडून दिले. बाहेर जाऊन देखभाल उपचारात दाखल झालेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात सुमारे १२ टक्के, तर दुसऱ्यात ७२ टक्के होते. सहा महिन्यांनी दुसऱ्या गटातही टिकलेल्यांचे प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास घसरले, हेही सांगायला हवे. वॉर्डाने केलेली सुरुवात बाहेरच्या केंद्राने पुढे न्यावी लागते. पण मात्रा शून्यावर आणलेल्या रुग्णाच्या शरीराची सहनशीलता गेलेली असते, आणि तो जुन्या मात्रेकडे परतला तर तिथेच श्वास थांबतो.

वेदना आणि संसर्ग

शस्त्रक्रियेच्या आधी ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन बंद करू नये. ही औषधे विथड्रॉवल आवरतात, पण दिवसातून एकदा दिल्यास त्यांचा वेदनाशामक परिणाम सहा ते आठ तासच टिकतो. म्हणून तीच एकूण मात्रा दिवसातून तीन-चार वेळा विभागून द्यावी. त्यावर पॅरासिटामॉल, चालत असल्यास दाहशामक औषधे आणि भूलतज्ज्ञांकडून स्थानिक भूल द्यावी, आणि तरीही पुरत नसेल तर ओपिऑइड वाढवावे. सहनशीलतेमुळे या रुग्णाला इतरांपेक्षा जास्त मात्रा लागते. जास्त मागतो म्हणजे नाटक करतो, हा निष्कर्ष सहसा चुकीचा असतो. मात्रा वाढवाल तशी श्वसनगती आणि पेंग यांची नोंद वाढवावी.

शिरेतून पदार्थ घेणाऱ्या रुग्णाला ताप असेल, तर प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी रक्ताचे कल्चर पाठवावे आणि हृदयाच्या झडपांचा, विशेषतः उजव्या बाजूच्या झडपेचा, विचार करावा. पाठ दुखत असेल, तर मणक्यातील संसर्ग असू शकतो. एचआयव्ही, कावीळ ब आणि क यांच्या तपासण्या संमतीने कराव्यात. कावीळ क आता ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांत बरी होते, आणि हे अनेक रुग्णांना कोणी सांगितलेलेच नसते. कावीळ ब आणि धनुर्वाताची लस दाखल असतानाच द्यावी.

रुग्ण ‘मी जातो’ म्हणतो तेव्हा

आधी बसून कारण विचारावे. विथड्रॉवल, न आवरलेली वेदना, तंबाखूची तलफ, घरी एकटे असलेले मूल, किंवा राउंडमध्ये झालेला अपमान, यांपैकी काहीतरी असते, आणि त्यातील बऱ्याच गोष्टींवर अर्ध्या तासात तोडगा निघतो. निकोटिनची चिकटपट्टी लावून थांबलेले रुग्ण मी पाहिले आहेत. तरीही निर्णय बदलला नाही, तर सहीचा कागद पुढे करून हात झटकू नयेत. तोंडाने घ्यायची प्रतिजैविके, ड्रेसिंगचे साहित्य, नॅलोक्सोन, नियमांत बसेल तेवढे ब्युप्रेनॉर्फिन आणि पुन्हा येण्याची मोकळीक त्याला द्यावी. शिरेतून सहा आठवडे प्रतिजैविक हा आदर्श उपचार असला, तरी तोंडाने घेतलेले दुय्यम औषध काहीही न घेण्यापेक्षा पुष्कळ बरे.

सुटीची तयारी

ही तयारी दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू करावी, सुटीच्या सकाळी नव्हे. बाहेरचे कोणते केंद्र रुग्णाला घेईल, तिथवर तो कसा पोहोचेल, ओळखपत्र लागते का आणि पहिली भेट कधी, याची उत्तरे मिळायला दोन-तीन दिवस सहज जातात. भेटीची तारीख आणि वेळ ठरलेली असावी. ‘जवळच्या केंद्रात दाखवा’ ही सूचना म्हणजे रुग्णाला वाऱ्यावर सोडणे आहे. २०१५ च्या एका अभ्यासात अपघात विभागातच ब्युप्रेनॉर्फिन सुरू केलेल्यांपैकी ७८ टक्के रुग्ण महिन्यानंतर उपचारात होते, आणि केवळ पत्ते देऊन पाठवलेल्यांपैकी ३७ टक्के.

मग डोस बोटांवर मोजावेत. शुक्रवारचा डोस वॉर्डात देऊन सुटी झाली आणि भेट मंगळवारी दुपारी असेल, तर शनिवार ते मंगळवार असे चार डोस हवेत, आणि भेट हुकली तर म्हणून आणखी एक-दोन. नियमांमुळे औषध सोबत देता येत नसेल, तर रोज रुग्णालयात येऊन घेण्याची सोय होते का ते पाहावे, नाहीतर सुटीच सोमवारपर्यंत पुढे ढकलावी. मेथाडोनवरील रुग्णासोबत शेवटच्या डोसची मात्रा, तारीख आणि वेळ लिहिलेले पत्र द्यावे आणि केंद्राला फोनही करावा, कारण ही माहिती नसेल तर केंद्र पुन्हा तळापासून सुरुवात करते.

नॅलोक्सोन चिठ्ठीवर लिहून देऊ नये, हातात द्यावे, आणि घरातल्या एका व्यक्तीला, रुग्णाच्या संमतीने, त्याच्यासमोर शिकवावे. श्वास संथ किंवा घोरल्यासारखा, ओठ निळसर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आणि हलवूनही जाग नाही, असे दिसले की मदतीसाठी फोन करावा, नॅलोक्सोन द्यावे, तोंडाने श्वास द्यावा, आणि दोन-तीन मिनिटांत फरक न पडल्यास दुसरा डोस द्यावा. श्वास सुरू झाल्यावर कुशीवर वळवावे. या औषधाचा परिणाम ३० ते ९० मिनिटांत उतरतो आणि आत राहिलेला पदार्थ पुन्हा श्वास दाबू शकतो, म्हणून जाग आली तरी त्या व्यक्तीला एकटे सोडू नये.

रुग्णाशीही स्पष्ट बोलावे. पुन्हा वापर झालाच, तर जुनी मात्रा घेऊ नका, एकटे असताना घेऊ नका, दारू आणि झोपेच्या गोळ्यांसोबत घेऊ नका, दुसऱ्याची सुई वापरू नका, आणि ब्युप्रेनॉर्फिन सोडून देऊ नका, हे सांगितल्याने वापराला उत्तेजन मिळत नाही. सुटीनंतरचे पहिले दिवस अतिमात्रेच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे असतात. घरात लहान मूल असेल, तर औषध कुलपात ठेवायला सांगावे. मोठ्यांचा एक डोस मुलाचा जीव घेऊ शकतो.

सुटीनंतर दोन-तीन दिवसांनी वॉर्डातून एक फोन करावा. तो कोणी करायचा हे नाव घालून ठरवावे, नाहीतर तो होत नाही. फोन नातेवाइकांनी उचलला, तर रुग्णाच्या परवानगीशिवाय आजाराबद्दल काहीही बोलू नये. रुग्णाला औषध मिळाले का, ते रोज घेतले का आणि केंद्रावर जाणे झाले का, हे विचारावे. मेथाडोन सलग तीन दिवस किंवा अधिक चुकले असेल, तर जुनी मात्रा एकदम न घेता आधी तपासणीला यायला सांगावे. ब्युप्रेनॉर्फिन चुकवून मध्ये हेरॉइन घेतले असेल, तर पुढची गोळी घेण्यापूर्वी पुन्हा विथड्रॉवल सुरू होईपर्यंत थांबायला सांगावे, आणि त्याच दिवशी केंद्राला कळवून पुढची भेट अलीकडे आणावी.